जीन्सचा घेर दर काही वर्षांनी बदलतो, पण आपल्याला शोभतं काय?

निळाई

सध्या जीन्सच्या दुकानात शिरलं की समोरच बॅरल फिट दिसते. मांडीला सैल, गुडघ्यापाशी बाहेर फुगलेली आणि घोट्याशी पुन्हा आत वळलेली. तिच्या शेजारी जमिनीला टेकणारी वाइड लेग. दहा-बारा वर्षांपूर्वी स्किनी सोडून दुसरं काही मिळत नव्हतं. ती आता सेलच्या रॅकवर गेलीय, आणि तीच परत येणार अशी चर्चाही सुरू झालीय. इथे फोरमवर खरेदीच्या धाग्यांवर, म्हणजे चर्चांमध्ये, सारखे प्रश्न येतात: बॅरल मला चांगली दिसेल का, चाळिशीनंतर स्किनी घालावी का, पोट आहे तर हाय वेस्ट घेऊ का. म्हणून सविस्तर वेगळा धागा काढतेय.

मी कपड्यांच्या सॅम्पलिंगमध्ये काम करते. पँटचा पॅटर्न कापायचा, शिवून आलं की अंगावर चढवून बघायचं, कुठे ओढतंय, कुठे झोळ येतोय ते टिपायचं आणि पॅटर्न सुधारायचा. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. जी फॅशन आपल्या डोळ्यांत भरते ती बहुतेक गुडघ्याखालची असते. जीन्स अंगाला शोभते की नाही हे मात्र बरंच वर ठरतं. आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतचा भाग, किती खोल आहे, बेल्ट, म्हणजे पँटची कंबरपट्टी, नेमका कुठे टेकतो, मागचे खिसे कुठे आहेत आणि कापड किती जाड आहे, यावर. ही चार उत्तरं बरोबर आली तर बूटकट, स्ट्रेट, वाइड, काहीही घाला, बरं दिसतं.

थोडा मागचा इतिहास सांगते, कारण त्यातून हे नीट कळतं. खिशांचे कोपरे पक्के करणाऱ्या तांब्याच्या रिव्हेटचं पेटंट कापडाचा व्यापारी लीवाय स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस या दोघांना 1873 मध्ये मिळालं. त्या काळातली ही पँट कंबरेवर बसवायची नसायचीच. ती गॅलिसने खांद्यावरून टांगलेली असायची आणि मागे आवळायला एक छोटा पट्टा असायचा. लीवाइजच्या 501 या जीन्सला बेल्टचे लूप आले ते 1922 मध्ये. बायकांसाठी वेगळी कापलेली लीवाइजची जीन्स 1934 ची. म्हणजे बाईच्या कंबर आणि सीटमधल्या फरकाचा विचार जीन्सने बराच उशिरा सुरू केला, आणि बऱ्याच ब्रँडांमध्ये तो अजूनही अर्धवटच आहे.

सत्तरच्या दशकात बेलबॉटम आली. मांडीला घट्ट, खाली घंटेसारखा घेर. ऐंशीत कंबर वर चढली, पाय खाली निमुळता झाला, स्टोनवॉश आलं. नव्वदीत बॅगी आणि स्ट्रेट. त्याच काळात लंडनमध्ये अलेक्झांडर मॅक्वीन या फॅशन डिझायनरने कंबर कमालीची खाली आणली आणि 2000 नंतर लो वेस्ट घरोघरी पोचली. हा एक काळ असा होता की फॅशनने थेट आसनालाच हात घातला, आणि म्हणूनच तो सगळ्यात जास्त जणींना त्रासाचा गेला. बसलं की मागे उघडं, वाकलं की उघडं, हाडावर बेल्ट रुतून दोन्ही बाजूंना मांस वर आलेलं. बारीक मुलींनासुद्धा वाटायचं आपणच जाड आहोत. दोष कापाचा होता. मग 2005 च्या सुमारास स्किनी आली. ती खपली ती कापडात इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, मिसळलं म्हणून. ताण न घेणाऱ्या सुती डेनिममध्ये इतका अरुंद पाय शिवला तर तो टाचेवरून चढायचाच नाही. पुढे मॉम फिट, वाइड लेग, आणि आता बॅरल.

आता स्वतःचं आसन कसं मोजायचं ते. कडक खुर्चीवर ताठ बसा. कंबरेला, म्हणजे बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते तिथे, एक दोरी बांधा. दोरीपासून खुर्चीच्या पाटापर्यंत बाजूने टेप लावा. ही तुमच्या आसनाची खोली. पाच फुटांच्या दोन मुलींमध्ये ती दीड इंचाने वेगळी असू शकते, कारण एकीचं धड लांब असतं आणि दुसरीचे पाय. मग घरातली सगळ्यात आवडती, दिवसभर घालून त्रास न देणारी पँट गादीवर पसरा आणि चारही शिवणी मिळतात त्या बिंदूपासून चेनच्या बाजूने बेल्टच्या वरच्या काठापर्यंत मोजा. हा तुमचा 'फ्रंट राइज'. ऑनलाइन घेताना साइज चार्टमध्ये हाच आकडा शोधायचा. साधारण आठ इंचांच्या आत लो, नऊ-दहा मिड, अकरा आणि पुढे हाय, असं दुकानदार म्हणतात. पण बुटक्या धडाच्या बाईला दहा इंचही बेंबीच्या वर जातात आणि लांब धडाच्या बाईला अकरा इंच मिडसारखे बसतात. लेबलवर 'हाय राइज' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, टेपवर ठेवा.

तुमच्या अडचणी लिहा. पुरुषांनीही लिहा.

केतकी_ठाणे

निळाई, किती दिवस हा धागा हवा होता! माझी कायमची अडचण सांगते. कंबर 29, सीट 41. सीटला बसणारी जीन्स घेतली की मागे कंबरेला चार बोटं आत जातात. कंबरेला बसणारी घेतली की मांडीवरून वर येत नाही. बेल्ट आवळला की मागे चुण्यांचा पुंजका. ट्रायल रूममध्ये पाच-सहा जोड नेऊन रिकाम्या हातांनी बाहेर येते आणि मन अगदी खट्टू होतं.

निळाई

केतकी, तुझ्या मापात बारा इंचांचा फरक आहे. बाजारातले बहुतेक पॅटर्न नऊ-दहा इंच फरक धरून कापलेले असतात. त्यामुळे प्रश्न तुझ्या शरीराचा नाहीच, त्या गृहीतकाचा आहे.

तू 'कर्व्ही' कापाची जीन्स शोध. हा शब्द जाड बायकांसाठी आहे असा गैरसमज आहे. त्याचा अर्थ कंबर आणि सीट यांत फरक जास्त धरलाय, एवढाच. दुसरं, बेल्ट हातात घेऊन सपाट पसरून बघ. सरळ पट्टी असेल तर ती मागे उभी राहणारच. किंचित चंद्रकोरीसारखी वळलेली असेल तर कंबरेला चिकटून बसते. तिसरं म्हणजे मागचा योक, खिशांच्या वरचा तो तिकोनी तुकडा. तो मध्ये खोल व्ही आकारात उतरत असेल तर सीटला गोलाई मिळते आणि कंबर आत येते. योक जवळजवळ आडवा असेल तर मागचा भाग सपाट दिसतो आणि गॅपही पडतो.

एवढं करूनही मिळालं नाही तर सीटला आणि मांडीला बसेल ती घे, कंबर टेलरकडून कमी कर. उलटं कधीच करू नकोस. मांडीत सोडायला कापड नसतं.

सुईदोरा

अल्टरेशनचं दुकान आहे माझं, म्हणून यात भर घालतो. निळाईताईंचं बरोबर आहे. कंबर कमी करताना मागची मधली शिवण उसवतो, बेल्ट मध्यावर कापतो, आत घेतो आणि पुन्हा डबल शिलाई मारतो. मधला लूप काढून परत लावावा लागतो. एक-दीड इंचापर्यंत हे छान बसतं. त्याच्या पुढे गेलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडायला लागतात आणि सीट विचित्र दिसते. तेव्हा योकमध्ये दोन बाजूंना छोटे डार्ट, म्हणजे आतून शिवलेल्या निमुळत्या चिमट्या, घेणं बरं. वेळ जास्त लागतो, पैसेही थोडे जास्त, पण खिसे जागेवर राहतात. टेलरला 'कंबर कमी करा' एवढंच सांगू नका. अंगावर घालून दाखवा आणि मागे कुठे सुटतंय तिथे त्यालाच टाचणी लावू द्या.

आणि शिवणीचा धागा जुळवून मागा. नारिंगी शिलाईच्या जीन्सला पिवळा दोरा मारला की अल्टर केलेलं लांबून कळतं.

डोंबिवलीकर

पुरुषांची बाजू मांडतो. आमच्या कॉलेजच्या काळात ब्रँडेड जीन्स परवडायची नाही. 1995 च्या सुमाराला अहमदाबादच्या अरविंद मिल्सची 'रफ अँड टफ' आली. न शिवलेलं डेनिम, सोबत चेन, बटण, रिव्हेट आणि लेबल असं पाकीट मिळायचं. ते घेऊन गल्लीतल्या टेलरकडे जायचं. त्या टेलरने माप घेऊन शिवलेली जीन्स मला जशी बसली तशी नंतर मॉलमधली एकही बसली नाही. धागा वाचून आत्ता कारण कळलं, आसन माझ्या मापाचं होतं!

आता वय पन्नाशीच्या पुढे. पोट आहे. पोटाखाली बेल्ट बांधायची सवय लागली, कारण पोटावर 40 लागतो आणि पोटाखाली 36. पण तशी घातली की मागून आसन लोंबतं, पाय आखूड दिसतात आणि दिवसभर पँट वर ओढत बसावं लागतं. काय करावं?

निळाई

काका, हा प्रश्न फार जणांचा आहे, फक्त विचारत कोणी नाही. पोटाखाली बेल्ट बांधला की आसन जमिनीकडे जातं आणि मांड्या जिथून सुरू होतात तिथे कापड लोंबतं. लो वेस्ट घेऊन हे सुटत नाही. मिड राइज घ्या, फ्रंट राइज साडेदहा-अकरा इंच, आणि बेल्ट बेंबीच्या जरा खाली पण पोटाच्या उतारावर येऊ द्या. साइज 38 लागली तर 38 घ्या. आकड्याचं वाईट वाटून घेऊ नका, तसंही लेबलवरचा 36 आणि टेपवरचे 36 इंच बऱ्याच ब्रँडमध्ये जुळत नाहीत, टेप बहुधा जास्तच दाखवते. पाय स्ट्रेट ठेवा, गुडघ्याखाली अगदी हलका निमुळता. पोट मोठं आणि पाय नॅरो असं झालं की वरचा भाग आणखी जड दिसतो. रंग गडद निळा, मांडीवर पांढरे पट्टे नकोत. कापडात एक टक्का इलॅस्टेन असेल तर जेवणानंतरही बरं वाटतं.

आणि गल्लीतला टेलर अजून असेल तर मीटरवर डेनिम घेऊन शिवून घ्या. कापड-बाजारात मिळतं. पुरुषांनी हा मार्ग का सोडला मला खरंच समजत नाही.

घाटमाथा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. 'शोभतं' म्हणजे नक्की काय? बहुतेक वेळा त्याचा अर्थ उंच दिसणं, बारीक दिसणं, सीट गोल दिसणं, पोट लपणं. हे कोणी ठरवलं? मी एकवीस वर्षांची आहे. मी आणि माझ्या मैत्रिणी बॅगी घालतो ती बारीक दिसायला नाहीच. मला त्यात पाय पसरून बसता येतं, बाईकवर टांग टाकता येते, खिशात फोन आख्खा मावतो. माझी उंची पाच फूट एक आहे आणि बॅगीत मी आखूड दिसते असं आई सांगते. दिसते तर दिसते. मला ती मी वाटते.

निळाई

घाटमाथा, मनापासून पटलं. यासाठी तुझे आभार, कारण माझ्या लिहिण्यातून फक्त बारीक दिसण्याचं गणित वाटत असेल तर ते मला नकोय. 2021 च्या आसपास तुमच्या पिढीने सोशल मीडियावर स्किनीला नकार दिला तेव्हा माझ्या वयाच्या अनेकींना राग आला होता. मला आनंद झाला होता. दहा-पंधरा वर्षं आम्ही पोटऱ्यांवर शिवणीचे वळ घेऊन फिरत होतो.

पण बॅगीलाही आसन असतंच, हे बघ. तुझी बॅगी चांगली बसते कारण तिचा बेल्ट तुझ्या हाडावर नीट टेकतो आणि कापड जड आहे, असा माझा अंदाज. तीच बॅगी दोन साइज मोठी घेऊन बेल्टने आवळली असतीस तर आसन गुडघ्याकडे आलं असतं आणि बाईकवर टांग टाकताना शिवण ताणली असती. सैल दिसण्यासाठी कापलेली जीन्स आणि सैल पडलेली जीन्स यांत हाच फरक. सैल जीन्स घ्यायची तर कंबर आपल्याच मापाची, सैलपणा मांडीपासून खाली.

खिशाचं म्हणालीस त्याला तर माझं शंभर टक्के अनुमोदन. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे उथळ ठेवायचं एकही पटणारं कारण मला कामावर आजवर कोणी दिलेलं नाही. मी सॅम्पलमध्ये खोल खिसा देते, तो मंजुरीतून परत येतो.

डोंबिवलीकर

घाटमाथा, माझी मुलगी तुझ्याच वयाची. तिला मी 'ही काय तंबूसारखी पँट' म्हणायचो. आता नाही म्हणणार.

उत्तररात्र

न्यू जर्सीतून. उंची चार फूट अकरा. इथे एक सोय आहे ती सांगते. अनेक ब्रँडांत बायकांच्या जीन्सवर कंबरेसोबत आतल्या शिवणीची लांबीही वेगळी निवडता येते, 26, 28, 30, 32. आणि 'पेटीट', म्हणजे बुटक्या बायकांसाठीच्या मापांमध्ये फक्त पाय आखूड नसतो, आसन, गुडघ्याची जागा आणि खिसेही वर घेतलेले असतात. भारतात आले की मोठी पंचाईत होते. बूटकट घेतली आणि खालून पाच इंच कापली, तर घेर सुरू होण्याची जागाच निघून जाते आणि ती स्ट्रेट होऊन बसते. गुडघ्याची शिवलेली निमुळती जागा पोटरीवर येते. म्हणून बुटक्या मैत्रिणींनो, बूटकट आणि बॅरल आखूड करून घालू नका. त्यांचा आकार गुडघ्यावर अवलंबून असतो. स्ट्रेट आणि वाइड लेग मात्र निर्धास्त कापा, वरपासून खालपर्यंत एकच रेष असते.

वाइड लेग बुटक्या बाईने घालू नये हेही मला पटत नाही. मी घालते. कंबर वर, टॉप आत खोचलेला, आणि लांबी बुटाच्या टाचेच्या अर्धा इंच वरपर्यंत, म्हणजे पाय दिसतच नाही. ज्या चपलेबरोबर घालायची ती घालूनच लांबी मोजायची. घोट्यावर संपणारी वाइड लेग मात्र मला दोन तुकड्यांत कापते.

स्नेहल७

उत्तररात्र, हे मुंबईच्या पावसात कसं करायचं? जमिनीला टेकणारी वाइड लेग म्हणजे दादर स्टेशनचा सगळा चिखल पायात. वर जीन्स वाळत नाही ते वेगळंच.

माझा प्रश्न आईसाठी आहे. ती अठ्ठावन्न वर्षांची. आयुष्यभर साडी, मग पंजाबी ड्रेस. आता मार्चमध्ये मैत्रिणींबरोबर राजस्थानला चाललीय आणि हळूच म्हणाली, 'मला पण एक जीन्स घेऊन दे गं.' इतकं छान वाटलं मला! पण पहिलीच जीन्स रुतली, टोचली तर ती परत हात लावणार नाही. तिला गुडघ्यांचाही त्रास आहे. काय घेऊ?

केतकी_ठाणे

स्नेहल, काकूंना माझ्याकडून शुभेच्छा! फोटो टाकायला सांग.

निळाई

स्नेहल, आईला दुकानात घेऊन जा, ऑनलाइन नको. साडी नेसणाऱ्या बाईला कंबरेवर घट्ट बसणाऱ्या गोष्टीची सवय असते, परकराची नाडी ती रोज बांधतेच. त्यामुळे तिला हाय वेस्टचा त्रास होणार नाही, उलट लो वेस्टमध्ये सतत उघडं वाटेल. फ्रंट राइज अकराच्या आसपास, स्ट्रेट पाय, हलकं कापड. डेनिमचं वजन, म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं, औंसात सांगतात. बारा-चौदा औंसाची जीन्स जड आणि कडक असते. आईला आठ ते दहा औंसाची बघ. लेबलवर दर वेळी नसतं, पण चिमटीत धरून कळतं. इलॅस्टेन दोन टक्के पुरे. ते चार-पाच टक्के असलेली, लेगिंगसारखी ताणणारी जेगिंग घेऊ नकोस, ती दुकानात मऊ वाटते आणि काही महिन्यांत गुडघ्याला पोंगे येतात.

गुडघेदुखी आहे तर ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघण्याआधी तिला बसायला सांग. उठायला सांग. एक जिना चढायला सांग. मांडीवर आणि गुडघ्यामागे ओढ बसली तर ती साइज नाही.

पहिल्यांदा घालणाऱ्या बाईचा खरा प्रश्न कुर्त्याचा असतो. कुर्ता मांडीच्या सगळ्यात रुंद जागी संपला तर तिथेच नजर जाते. एक तर सीट झाकून लगेच संपू दे, नाहीतर गुडघ्यापर्यंत येऊ दे. बाजूचे काप कंबरेपासून दोन-तीन इंच खाली सुरू झाले की चालताना जीन्सची रेष दिसते आणि पाय लांब दिसतो.

पावसाचं म्हणशील तर जून ते सप्टेंबर मी स्वतः हलक्या कापडाची, घोट्याच्या वर संपणारी स्ट्रेट घालते. चौदा औंसाची जीन्स कोकणात पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारते. ती दिवाळीनंतर काढायची.

पन्हाळा

रंगावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. डेनिमचा उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा पांढरा. निळीच्या द्रावात सूत बुडवून काढलं की ते आधी हिरवट असतं, हवा लागली की निळं होतं. असं पुन्हा पुन्हा करतात, पण रंग धाग्याच्या वरवरच बसतो, गाभा पांढराच राहतो. म्हणून घासलं की जीन्स पांढरी पडते. आपण घालून घालून पडलेला फिकेपणा आपल्या बसण्या-उठण्याप्रमाणे येतो आणि शोभतो. कारखान्यात केलेला फिकेपणा मात्र कुठल्या तरी सरासरी शरीरासाठी असतो. मांडीच्या मध्यावर असलेला पांढरा डाग तुमच्या मांडीच्या मध्यावर येईलच असं नाही. बाजूला सरकला की मांडी रुंद दिसते. मी गेली कित्येक वर्षं एकरंगी गडद जीन्स घेतो आणि ती माझ्या सवयीने फिकी होऊ देतो.

दुसरंही एक कारण आहे. हा तयार फिकेपणा आणण्यासाठी जीन्सवर वाळूचा झोत मारायचे. तुर्कस्तानात त्या कामातल्या तरुण मजुरांना सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, झाला, अनेक जण दगावले, आणि तिथल्या सरकारने 2009 मध्ये वाळूच्या झोतावर बंदी घातली. आता बरंच काम लेझरने होतं, पण सगळीकडे नाही. आपल्याकडे उल्हासनगरला जीन्सचा केवढा मोठा धंदा आहे, तिथल्या धुलाईच्या युनिटांचं निळं पाणी वालधुनी नदीत जायचं. मी त्या पुलावरून गेलोय, पाण्याचा रंग पाहिलाय. फाटकी, डागाळलेली, बर्फासारखी पांढरी जीन्स घेताना मला ते पाणी आठवतं आणि हात मागे येतो.

घाटमाथा

पन्हाळा, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे दोन ॲसिड वॉश आहेत. नवीन नाही घेणार. आहेत त्या फाटेपर्यंत वापरेन.

निळाई

पन्हाळा, फार महत्त्वाचं लिहिलंत. कापाच्या बाजूनेही तुमचं बरोबर आहे. गडद, एकसारख्या रंगावर शिवणी आणि खिसे नीट दिसतात, त्यामुळे काप चांगला आहे की वाईट हे लपत नाही. खूप वॉश केलेल्या जीन्समध्ये वाईट काप झाकला जातो, हे आमच्या धंद्यातलं सत्य आहे.

मागच्या खिशांचं राहिलं होतं. खिसे लहान आणि एकमेकांपासून लांब असले की मधली जागा रुंद दिसते. मध्यम आकाराचे, मध्याकडे थोडे कललेले आणि सीटच्या सगळ्यात उंच भागावर बसलेले खिसे जवळजवळ सगळ्यांना चांगले दिसतात. खिशाचा खालचा काठ सीट संपते त्याच्या खाली, मांडीवर आला तर मागचा भाग लोंबल्यासारखा वाटतो. ट्रायल रूममध्ये पाठीमागचा फोटो काढायला सोबत कोणाला तरी न्या.

आरशात आणखी एक बघा: चुण्या. पुढून आसनापासून मांडीकडे पंख्यासारख्या आडव्या रेषा ओढल्या गेल्या तर मांडीला किंवा सीटला जागा कमी आहे, एक साइज वर जा. मागे सीटखाली कापडाचा झोळ पडत असेल तर मागचं आसन तुमच्यापेक्षा लांब आहे, तिथे साइज बदलून उपयोग नाही, काप बदला. आणि शंभर टक्के सुती जीन्स घेताना कंबरेला किंचित घट्ट घ्या. घालून घालून ती अर्धा-एक इंच सैल होते. इलॅस्टेनवाली मात्र पहिल्याच दिवशी सुखाची वाटली पाहिजे.

केतकी_ठाणे

निळाई, सुईदोरा, काल वांद्र्याला हिल रोडच्या एका दुकानात कर्व्ही कापाची गडद निळी मिळाली. सीटला आणि मांडीला मस्त, कंबरेला मागे फक्त दोन बोटं सुटते. बेल्टची पट्टी वळलेली आहे ते आधी पसरून बघितलं. दुकानदार बघतच राहिला. लांबी तीन इंच जास्त आहे. उद्या टेलरकडे देते, कंबर आणि लांबी दोन्ही एकदमच.

सुईदोरा

केतकीताई, उद्या देऊ नका. आधी एकदा थंड पाण्यात उलटी करून धुवा, सावलीत वाळवा, मग द्या. नवीन डेनिम पहिल्या पाण्यात लांबीला थोडं आटतं. आज तीन इंच कापलं आणि मग धुतलं तर घोट्याच्या वर जाईल आणि मला काही करता येणार नाही.

लांबी कमी करताना टेलरला खालची मूळ पट्टी ठेवून कमी करायला सांगा. जुनी फिकी झालेली किनार कापून टाकत नाहीत, तिच्या वरचं कापड आत घेऊन शिवण त्या किनारीला लागून मारतात. स्ट्रेट पायाला हे साफ बसतं. नॅरो असेल तर घेर जुळत नाही, मग साधी दुमड चालते. आणि जी चप्पल घालणार आहात ती पिशवीत टाकून न्या.

स्नेहल७

आईची पण धुवूनच देते मग. तिने चक्क बॅरल निवडली! बसून, उठून, दुकानाचा जिना चढून बघितलं. म्हणाली गुडघ्याला इतकी मोकळी पँट कधी मिळालीच नव्हती. सुईदोरा, बॅरलची लांबी दीड इंच जास्त आहे, उत्तररात्र म्हणतात तसा आकार बिघडेल का?

सुईदोरा

दीड इंचाने नाही बिघडत. फक्त खालून कापल्यावर घेर थोडा वाढतो, कारण पाय खाली निमुळता असतो. टेलरला आतल्या शिवणीतून घोट्याशी तेवढं आत घ्यायला सांगा, गुडघ्यापर्यंत हळूहळू सोडत. बाहेरच्या शिवणीला हात लावू देऊ नका, बॅरलचा आकार तिच्यातच असतो.